केहिमकर : एका आडनावाचा मार्ग



आडनावांवर व्याख्यान आहे म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा दोहोंपैकी एक असते. वक्ता विद्वान असेल तर तो संस्कृत धातूपासून आरंभ करील, आणि गमत्या असेल तर चमत्कारिक आडनावांची यादी वाचून हशा पिकवील. आमच्याकडून यांपैकी एकही गोष्ट होणार नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. सभासदांची नावे लिहिणे, हजेरीपट तपासणे, मयत कामगाराच्या वारसाचे अर्ज भरणे, यांत आमची उमर गेली. त्यामुळे माणसाचे नाव कागदावर कसे चढते आणि कागदावरून कसे उतरते, एवढी एक गोष्ट आम्ही जवळून पाहिली आहे. तिच्याच आधाराने आज एका आडनावाची हकीकत सांगावयाची आहे. ते आडनाव म्हणजे केहिमकर.

आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेही नसेल. ते विरळ आहे, आणि दिवसेंदिवस अधिक विरळ होत आहे. पण त्याचा उगम कोठे, ते पसरले कोणत्या वाटेने आणि विरळ झाले कशामुळे, हे पाहू गेले की कोकणाच्या किनाऱ्यापासून भूमध्य समुद्रापर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. आणि तो रस्ता राजेरजवाड्यांचा नाही. पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचा आहे.

प्रथम '-कर' या प्रत्ययाचा विचार करू. मराठी मुलखात हजारो आडनावे गावाच्या नावाला 'कर' जोडून झाली आहेत. सामान्य समजूत अशी की अमुक गावात राहणारा तो अमुककर. आमचे म्हणणे थोडे उलटे आहे. असे आडनाव गावात जन्मत नाही. ते वेशीबाहेर जन्मते. किहीम गावात सगळेच किहीमचे. तेथे कोणाला किहीमचा म्हणून हाक मारण्यात काय अर्थ? गावात माणूस ओळखला जातो बापाच्या नावाने, धंद्याने, नाहीतर घराच्या जागेवरून. तोच माणूस बंदरावर, छावणीत किंवा गिरणीच्या दारात जाऊन उभा राहतो आणि समोरचा कारकून विचारतो, "कुठला रे तू?" या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे '-कर'. सरदार घराण्यांना वतनामुळे किंवा जहागिरीमुळे गावाचे नाव चिकटले, ही गोष्ट वेगळी. सामान्य माणसाचे '-कर' हे बहुधा घर सोडल्याची नोंद असते.

याची उदाहरणे शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. मास्टर दीनानाथांनी गोव्यातील मंगेशी गावावरून मंगेशकर हे नाव घेतले, आणि ते गाजले गोव्याबाहेर रंगभूमीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे सकपाळांचे, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. शाळेच्या दप्तरात नाव लागले ते आंबडवेकर, आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. जे नाव आज साऱ्या देशाला ठाऊक आहे, त्याच्या घडणीत एका शाळेच्या पटाचा हात आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यातून आडनावाचा नकाशा काढणाऱ्याने एक धडा घ्यावा. '-कर' आडनावाच्या नकाशावर मूळ गावाच्या जागी बहुधा रिकामा ठिपका असतो, आणि दाटी असते ती दूर, जेथे काम मिळाले तेथे. म्हणून असा नकाशा कोण कोठून आले हे सांगतोच. पण कोणत्या काळी कोठे चूल पेटण्याजोगे काम होते, हेही तोच सांगतो.

आता किहीमकडे वळू. हे गाव रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, समुद्रकाठी आहे. जिल्ह्याचे नाव पूर्वी कुलाबा होते. अलिबागहून उत्तरेस निघाले की थळ, नवगाव, किहीम, आवास अशी गावे एकामागून एक लागतात; थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी उभ्या आहेत. माडाच्या वाड्या, भातखाचरे आणि पुळण असा हा मुलूख. गावाचे नाव आपण किहीम लिहितो, आणि आडनावात मात्र केहिम येते. आमचा तर्क असा की गाव सोडणारा माणूस आपल्या तोंडचा उच्चार बरोबर नेतो, आणि परगावच्या कारकुनाने तो एकदा टिपला की तेथेच थिजतो. शेजारच्या झिराडचेही आडनाव झिराटकर असे लिहिलेले सापडते.

केहिमकर हे आडनाव इतिहासात प्रसिद्ध झाले ते बेने इस्रायल समाजामुळे. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. कोकणातील मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा अशी की त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून गलबतातून येत असता नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ज्यांची प्रेते वाहून आली त्यांना नवगावास पुरले. ती दफनभूमी आजही दाखवतात, आणि तेथे स्मारक उभारले आहे. ही घटना केव्हाची याविषयी मते अनेक आहेत. कोणी ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात नेतात, कोणी पुष्कळ अलीकडे आणतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशशास्त्राच्या एका संशोधनात या समाजाच्या रक्तात यहुदी आणि हिंदी अशा दोन्ही वंशांचा ठळक अंश आढळला. म्हणजे माणसे बाहेरून आली आणि येथली झाली, एवढे कथेचे सार शास्त्रालाही मान्य आहे.

या लोकांजवळ ग्रंथ उरले नव्हते आणि हिब्रू भाषा विसरली गेली होती. उरले होते ते थोडे आचार: मुलांची सुंता, खवले आणि पर नसलेली मासळी न खाणे, आणि शनिवारी काम न करणे. धंदा तेलाचा. गावोगाव घाणे घालून ते तेल काढीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे नाव फार भावते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना चळवळ करावी लागली, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणच्या किनाऱ्यावर एक कष्टकरी जमात आठवड्याची सुटी पाळीत होती, आणि ती सुटी हीच तिची गावातली ओळख झाली होती.

शनिवार तेली ही झाली गावातली ओळख. गावाबाहेरची ओळख '-कर'ची. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, रोह्याजवळच्या अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर, पेझारीचे पेझारकर, तळ्याचे तळकर, राजपुरीचे राजपूरकर, आवासचे आवासकर. अशी शंभराहून अधिक गावांची आडनावे या एका छोट्या समाजात मोजली गेली आहेत. सारी नावे ओळीने वाचली की पेणच्या खाडीपासून जंजिऱ्याच्या खाडीपर्यंतचा मुलूख आपण पायी तुडवतो आहो असे वाटते. शहरांची नावे त्यांत थोडी, खेड्यांचीच गर्दी. तेलाचा घाणा एका गावात एखाद-दुसराच चालतो, म्हणून घरे विखुरलेली, आणि म्हणून आडनावे पुष्कळ पण प्रत्येक आडनावाची घरे थोडी. केहिमकर विरळ का, याचे पहिले उत्तर हे. ते मुळातच एका लहान गावच्या दोन-चार चुलींचे नाव आहे.

यांतील काही आडनावांना मानही होता. परंपरा सांगते की दावीद रहाबी नावाच्या एका यहुदी गृहस्थाने या लोकांना ओळखले. बायकांना त्याने मासळी रांधावयास दिली, आणि त्यांनी बिनखवल्याची मासळी बाजूला काढलेली पाहून त्याची खात्री पटली. मग त्याने तीन घराण्यांतील माणसांना धर्मविधी शिकवून काजी नेमले. ती घराणी झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर. येथेही पाहा, काजीपण तिघांना मिळाले तरी ओळख गावाचीच राहिली.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. आडनावावरून जात कळते असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ. त्यांनी या यादीतील दिवेकर आणि दांडेकर ही नावे पाहावी. दिवेकर चित्पावनांत आहेत आणि बेने इस्रायलांतही आहेत, दांडेकरांचेही तसेच. गाव एक, म्हणून आडनाव एक. '-कर' म्हणजे पत्ता आहे, आणि एका पत्त्यावर ब्राह्मणही राहतो, तेलीही राहतो, कोळीही राहतो. भाड्याच्या खोलीसाठी, नोकरीसाठी किंवा सोयरिकीसाठी आडनाव चाचपून माणसाची किंमत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि ज्यांना केहिमकर घराणी मोजावयाची असतील त्यांनीही ठेवावे. कारण मतदारयादीत केहिमकर सापडला म्हणजे तो यहुदीच असेल असे नाही. किहीम सोडून गेलेला कोणीही केहिमकर होऊ शकतो.

आता हे लोक गाव सोडून निघाले कसे ते पाहू. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल मुंबईकडे सरकू लागले. घाण्याच्या तेलावर कुटुंब वाढत नव्हते, आणि मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीला पलटणीसाठी माणसे हवी होती. या समाजाची बरीच माणसे कंपनीच्या सैन्यात शिरली आणि सुभेदारीपर्यंत चढली. त्यांतला नावाजलेला पुरुष सामुएल एजेकिएल दिवेकर, ज्याला मराठीत सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. हा कंपनीच्या सैन्यातला अंमलदार. टिपूच्या कैदेतून जीव वाचला म्हणून त्याने मुंबईत प्रार्थनामंदिर बांधले असे सांगतात. ते मंदिर १७९६ सालचे, मुंबईतले पहिले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि शेजारच्या मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. त्याच्या नावाचा सामुएल स्ट्रीट त्या भागात आजही आहे. लोकल गाडीने रोज मस्जिद स्टेशनवर उतरणाऱ्या हमालाला आणि गुमास्त्याला या दिवेकराची कल्पनाही नसते.

पलटणीमागून आगगाडी, कस्टम, टपाल, दवाखाने, बांधकाम खाते आणि गिरण्या आल्या. जेथे सरकारी छावणी किंवा रेल्वेचे मोठे ठाणे, तेथे या कोकणी आडनावांची वस्ती झाली. ठाण्यात १८७९ साली प्रार्थनामंदिर झाले. पुण्यास रास्ता पेठेत झाले. अहमदाबादेस १९३४ साली झाले. लांबचे एक उदाहरण कराचीचे. तेथले मागेन शालोम हे प्रार्थनामंदिर १८९३ साली सॉलोमन डेव्हिड उमेरडेकर यांनी बांधले. ते कराचीच्या नगरपालिकेत नोकरीस होते. सिंधच्या वाळवंटाकाठी असलेल्या शहरात कोकणातल्या खेड्याचे नाव असे जाऊन बसले. फाळणीनंतर ती वस्ती ओसरली, आणि १९८८ साली ते मंदिरही पाडले गेले.

हे सगळे आज आपण सांगू शकतो, कारण एका केहिमकराने ते लिहून ठेवले. हायिम सामुएल केहिमकर यांचा जन्म १८३० सालचा. सरकारी कचेरीत नोकरी करून त्यांनी समाजासाठी दोन मोठी कामे केली. पहिले शाळेचे. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच १८७५ साली मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा निघाली. तिच्या संस्थापकांत केहिमकर प्रमुख होते. माझगावातील सर एली कदुरी विद्यालय ते हेच. दुसरे काम ग्रंथाचे. बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. कथा, चालीरीती, लग्नविधी, पलटणीतले अंमलदार, गावे आणि आडनावे, सारे त्यात आले. पण हस्तलिखित छापले गेले नाही. ते छापले गेले १९३७ साली, चाळीस वर्षांनी, आणि तेही तेल अवीवमध्ये! ज्या किनाऱ्यावर केहिमकर कधी राहिले नव्हते तेथे त्यांचे आडनाव छापील पुस्तकावर आधी पोहोचले, आणि त्यांच्या समाजातील बहुतेक माणसे मागाहून पोहोचली.

हा समाज मराठीशी किती एकजीव होता याची साक्ष आडनावेच देतात. वल्हांडणाच्या सणाला वाचण्याचा हिब्रू ग्रंथ पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह शिळाप्रेसवर छापला गेला. तो प्रसिद्ध करणारे गृहस्थ तळकर आडनावाचे. त्या चित्रांत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडल्यासारखे लुगडे नेसलेल्या आहेत. पुढे १८८०च्या सुमारास अष्टमकर आडनावाच्या गृहस्थांनी यहुदी कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. टाळ-मृदंगाच्या साथीने अब्राहाम आणि मोशे यांची आख्याने! परकेपणा उरलाच कोठे?

मग प्रश्न असा की इतके रुजलेले आडनाव विरळ का झाले? आमच्या मते त्याला तीन कात्र्या लागल्या.

पहिली कात्री शाळेची आणि पलटणीची. इंग्रजी पटात नाव, बापाचे नाव आणि आडनाव यांचा मेळ बसवताना पुष्कळदा बापाचे नावच शेवटी राहिले आणि गाव गळाले. यामुळे कितीतरी कोकणी आडनावे झाकली गेली. वरळीचा डॉ. ई. मोझेस मार्ग सर्वांना माहीत आहे. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर असलेले हे डॉ. एलायजा मोझेस मूळचे राजपूरकर. 'बूट पॉलिश' चित्रपटातले जॉन चाचा, म्हणजे नट डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांचे घराणे तळकर. मोझेस, अब्राहम, इझिकेल ही सारी बापाची किंवा आजाची नावे. मागे राजपुरी, चौल आणि तळे ही गावे दडून बसली आहेत. टेलिफोनच्या पुस्तकात आडनावे मोजणाऱ्याला ती दिसणार नाहीत.

दुसरी कात्री देशांतराची. १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाले, आणि १९४९पासून बेने इस्रायल तेथे जाऊ लागले. १९५१च्या शिरगणतीत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते. २०११च्या शिरगणतीत ते ५ हजारांच्या आत आले. यांत बगदादी आणि कोचीनचे यहुदीही धरलेले आहेत. उलट इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे यहुदी आज ८० हजारांच्या आसपास सांगतात, आणि त्यांतले बहुसंख्य बेने इस्रायल. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावी मराठी माणसे वसली. तेथे काहींनी हिब्रू वळणाची आडनावे घेतली. पण पेणकर, दिवेकर अशी नावे पुष्कळांनी राखली. तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले.

तिसरी कात्री आपल्या सर्वांच्याच घरी आहे. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते. ज्या घराण्यात मुलगे नाहीत तेथे विरळ आडनाव एका पिढीत संपते. दोन-चार चुलींच्या आडनावाला हा घाव मोठाच बसतो.

देशांतराची हकीकत एवढ्यावर संपत नाही. ज्यांनी गाव सोडताना ओळख म्हणून गावाचे नाव घेतले, त्यांच्यावर नव्या देशात ओळख सिद्ध करण्याची पाळी आली. बीरशेबाच्या वसाहतीतल्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी कामात आणि राहणीत भेदभाव होतो अशी तक्रार करून १९५१च्या अखेरीस तेल अवीवमध्ये ठिय्या दिला. आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा ही त्यांची मागणी. १९५२ साली शंभराहून अधिक माणसे विमानाने मुंबईस परत आली, आणि पुढे त्यांतली बरीच पुन्हा इस्रायलला गेली. मग १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने हुकूम काढला की बेने इस्रायल वधूवरांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी. हा नियम त्यांच्यापुरता! ज्यांच्या आज्या शनिवारी घाणा बंद ठेवीत आल्या, त्यांना विचारावयाचे की तुम्ही यहुदी कशावरून?

शनिवार तेल्यांची ही लेकरे गप्प बसली नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेमात बायकामुलांसह ठाण मांडले. इतर कष्टकऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी प्रश्न उचलून धरला. अखेर ऑगस्ट १९६४मध्ये तेथील लोकसभेने, म्हणजे क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत. त्याच महिन्यात धर्मपीठाने आपल्या हुकमातून बेने इस्रायलांचे नाव काढले. युनियनच्या माणसाला यात नवल वाटत नाही. कागद नसलेल्या माणसाचा कागद म्हणजे त्याच्या बरोबरीची माणसे. केहिमकर, पेणकर, रोहेकर आणि अष्टमकर एका ओळीत बसले, तेव्हा त्यांच्या आडनावांची यादी हीच त्यांची वंशावळ झाली.

आमच्या मुंबईत याच गोष्टीची दुसरी बाजू पाहावयास मिळते. गिरण्यांच्या हजेरीपटावर कामगाराचे नाव पुष्कळदा नुसते त्याचे आणि बापाचे लिहिलेले असे. आडनावाला जागा नाही, गावाला तर नाहीच. १९८२च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, तेव्हा वारसांना सिद्ध करावे लागले की हजेरीपटावरचा अमुक बाळू म्हणजे आपलाच बाप. शिधापत्रिकेवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, हजेरीपटावर तिसरे. आम्ही असे अर्ज भरताना म्हाताऱ्या बायांना प्रथम गाव विचारीत असू. गाव कळले की गावकीची खोली कळे, खोली कळली की बरोबर राहणारे कळत, आणि त्यांतून साक्षीदार सापडे. जेथे गाव नावाला चिकटून राहिले होते तेथे काम लवकर होई. जेथे ते गळले होते तेथे बाईच्या डोळ्यांत पाणी येई. आडनाव ही हौसेची वस्तू नव्हे, हे आम्ही ग्रंथांतून शिकलो नाही, तेथे शिकलो.

म्हणून आडनावाचा शोध घेऊ पाहणाऱ्या तरुणांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, आडनावाचा अर्थ लावण्याआधी गाव शोधा आणि गावचा लोकांच्या तोंडचा उच्चार ऐका. दुसरी, एका आडनावावरून एक कुळ धरू नका. पत्ता एक असला तरी घरे वेगळी असतात. तिसरी, जेथे काम होते तेथले कागद पाहा: पलटणीच्या याद्या, रेल्वेची दप्तरे, शाळेचे पट, देवळांच्या आणि दफनभूमींच्या नोंदी. बेने इस्रायलांच्या दफनभूमीत थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी अक्षरे कोरलेली आहेत. ती ऊनपावसाने झिजत आहेत. चौथी, आपल्या घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईला तिचे माहेरचे आडनाव आणि गाव विचारून आजच लिहून ठेवा, कारण ते कोणत्याही पटावर नाही.

केहिमकर आज कोठे आहेत? किहीम-अलिबागच्या बाजूस बेने इस्रायलांची घरे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. अलिबागेत इस्रायल आळी हे नाव आहे आणि प्रार्थनामंदिर आहे. मुंबई-ठाण्यात हे आडनाव तुरळक आहे. भारतीय फुलपाखरांवर २००८ साली निघालेल्या एका नामवंत इंग्रजी ग्रंथाच्या लेखकाचे नाव आयझॅक केहिमकर आहे. म्हणजे ग्रंथाच्या पाठीवर हे नाव पुन्हा एकदा चढले. उरलेले समुद्रापलीकडे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तो उशिरा आला. पण त्यामुळे निदान सरकारी कागदावर त्यांचा रकाना झाला.

आपल्या गावातही अशी विरळ आडनावे असतील. एखाद्याच घराचे, दुसरीकडे कोठे न ऐकलेले. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना त्या घरावरची पाटी वाचा, आणि आत जाऊन विचारा की हे गाव कोणते, ते कोणी सोडले आणि कोणत्या कामासाठी. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल. जेथे मिळणार नाही तेथे निदान प्रश्न तरी पुढच्या पिढीच्या कानावर पडेल.